दुसऱ्यांदा बघायला कोण येतं?

आकाशदर्शन ठेवायचंय म्हणून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, दुर्बीण केवढी आहे? दुसरा, त्यातून काय काय दिसतं? आणि मी हल्ली उलटा प्रश्न टाकतो, की किती वेळा येऊ? समोरचा बुचकळ्यात पडतो, कारण त्याच्या डोक्यात एक संध्याकाळ, एक दुर्बीण, शे-दीडशे माणसं, शनीची कडी, वा वा, टाळ्या, ग्रुप फोटो, संपलं असं चित्र असतं. तसे कार्यक्रम आम्हीही भरपूर केलेत आणि अजूनही करतो, लोक मनापासून खूश होतात, त्यात वाईट काहीच नाही. पण खूश होणं वेगळं आणि आकाश कळायला लागणं वेगळं, आणि दुसरी गोष्ट एका रात्रीत होत नाही हे आम्हाला लोकांच्यात राहूनच कळलं.

दुर्बिणीचं आधी सांगून टाकतो म्हणजे तो विषय मिटेल. आमच्याकडे 8 इंची डॉब्सोनियन आहे, म्हणजे खाली फिरणारा लाकडी खोका आणि त्यात वरखाली होणारी जाडजूड नळी. मोटर नाही, कॉम्प्युटर नाही, हाताने ढकलायची. ही पद्धत जॉन डॉब्सन नावाच्या माणसामुळे पसरली. हा आधी मठात संन्यासी होता, तिथे गुपचूप काचा घासून आरसे बनवायचा, शेवटी मठ सोडावा लागला, आणि मग 1968 मध्ये त्याने काही जणांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोत फुटपाथवरच दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवायचा ग्रुप सुरू केला. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूड, कुठूनतरी मिळवलेली जाड काच, बस. आम्हाला हा प्रकार आवडतो कारण बघणाऱ्याला ती उघडून दाखवता येते, हा आरसा, हा छोटा तिरका आरसा, इथे डोळा. काही जादू नाही.

तारीख ठरवताना मात्र दरवेळी तोच संवाद. "पौर्णिमेला ठेवूया ना सर, चंद्र मोठा असतो." अहो मोठा असतो पण सपाट असतो. पौर्णिमेला ऊन चंद्रावर आपल्या बाजूने सरळ पडतं, सावल्याच नाहीत, त्यामुळे विवरं-डोंगर सगळं पुसल्यासारखं दिसतं, वर डोळे दिपतात आणि बाकीचं आकाश धुऊन जातं ते वेगळंच. अर्धा चंद्र असला की उजेड आणि अंधाराच्या सीमेवर जी विवरं असतात त्यांच्या आत लांब सावल्या पडतात, कडा चमकतात, तेव्हा माणूस डोळा लावल्या लावल्या "आईशप्पथ" म्हणतो. आणि ती सीमा रोज बारा अंशांनी सरकते, म्हणजे आज ज्या विवरात काळोख भरलेला दिसला तिथे उद्या ऊन आलेलं असतं. तेव्हा एका रात्रीऐवजी लागोपाठ दोन रात्री मिळाल्या तर फक्त चंद्रावरसुद्धा अख्खा कार्यक्रम होतो, पण हे फोनवर पटवून देणं अवघड आहे, बघितल्यावरच पटतं.

जागेचं थोडक्यात. आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन बघून यायचं, कुठली दिशा मोकळी आहे, कुठला दिवा थेट डोळ्यात येतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या दिव्याचं बटण कुठे आहे आणि चावी कोणाकडे आहे. कागदोपत्री परवानगी मिळालेली असते, पण दिवे बंद करणारा माणूस नेमका त्या रात्री जेवायला गेलेला असतो, हा अनुभव इतक्या वेळा आलाय की आता परवानगीपेक्षा त्या माणसाशी ओळख काढणं आम्ही आधी करतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या टॉर्चने ती सगळी मेहनत पाण्यात जाते. लाल उजेडाने तेवढं बिघडत नाही म्हणून आम्ही लाल जिलेटीन कागद आणि रबरबँड घेऊन फिरतो, आल्या आल्या प्रत्येकाच्या टॉर्चवर चढवतो, पोरांना ते काम दिलं की ती पोलिसासारखी हिंडतात, कोणाची टॉर्च पांढरी दिसली की संपलंच.

आता रांग. हा खरा विषय आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. 100 माणसं, प्रत्येकाला एक मिनिट, झाली पावणेदोन तासांची रांग. त्यात 120 पट मोठं करून गुरू दाखवायचा तर पृथ्वी फिरते म्हणून तो दोन मिनिटांच्या आतच आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) निघून जातो, म्हणजे दर एक-दोन माणसांमागे नळी ढकलायची, फोकस बघायचा, मग "सर काहीच दिसत नाहीये", परत ढकलायची. मागचे कंटाळतात, लहान मुलं रडतात, आजीआजोबा उभं राहून दमतात. म्हणून रांगेतच शिकवायचं असं आम्ही ठरवलं. एक जण दुर्बिणीवर, एक जण रांगेच्या बाजूने चालत नुसत्या डोळ्यांनी आकाश दाखवणारा, सप्तर्षी कुठे, त्यातल्या शेपटीच्या मधल्या ताऱ्याजवळ अजून एक बारीक तारा दिसतो का बघा (वसिष्ठ आणि अरुंधती, हे दिसलं की लोक हमखास शेजाऱ्याला विचारतात तुला दिसतंय का), शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एम कुठे, आणि एक जण 10×50 चा बायनॉक्युलर ट्रायपॉडवर लावून कृत्तिका दाखवणारा. खरं सांगू का, कृत्तिका बायनॉक्युलरमधूनच जास्त छान दिसतात, मोठ्या दुर्बिणीत त्यांचा पुंजका एकदम मावतच नाही. बऱ्याच जणांना रात्रीत सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच निघते, आणि त्याला 8 इंची आरसा लागत नाही.

रांगेतून पुढे आलेल्या माणसाचं अजून एक. तो डोळा लावतो आणि दोन सेकंदांत म्हणतो, "हो हो, दिसलं, छान आहे." यातल्या कितीतरी जणांना काहीही दिसलेलं नसतं! डोळा तिरका लागलेला असतो, काळोख किंवा स्वतःच्या पापण्या दिसतात, पण मागे एवढी रांग आणि समोर हा माणूस एवढ्या उत्साहाने विचारतोय म्हणून सभ्यपणाने हो म्हणतात. त्यात मोठी माणसं जास्त, लहान मुलं सरळ सांगतात की नाही दिसलं. म्हणून आम्ही "दिसलं का" हा प्रश्नच बंद केला. त्याऐवजी विचारायचं, गुरूच्या गोळ्याच्या डाव्या बाजूला ठिपके (म्हणजे त्याचे चंद्र) किती, उजव्या बाजूला किती? उत्तर आलं नाही की समजायचं, थांबवायचं, स्टुलावर बसवायचं, चष्म्याचं विचारायचं (साधा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवून चालतं, सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्म्यासकटच बघितलेलं बरं). एकदा का ठिपके मोजायला लावले की माणूस आपोआप जास्त वेळ बघतो, आणि दुर्बिणीतून बघणं हे मुळात सवयीचं काम आहे, पहिल्या पाच सेकंदांत डोळ्याला काहीच उमगत नाही.

अपेक्षांचाही घोळ असतोच. मोबाइलवर गुलाबी-निळे तेजोमेघ बघून आलेल्या माणसाला मृगातला तेजोमेघ दाखवला की तो म्हणतो हे काय, धूर आहे नुसता. मी आता आधीच सांगतो की राखाडी दिसणार आहे, कारण एवढ्या मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, कॅमेरा मिनिटन्‌मिनिटं उजेड साठवत बसतो, तुमचा डोळा साठवू शकत नाही. पण हा धूर साधारण 1,300 वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड आहे आणि त्यात तारे जन्माला येताहेत, हे आधी सांगून मग डोळा लावायला दिला तर तीच धुरकट गोष्ट लोक दोनदा येऊन बघतात. चंद्रावरचा झेंडा दाखवा ही मागणी पण कायम. हबल दुर्बिणीलासुद्धा चंद्रावरच्या साधारण शंभरेक मीटरपेक्षा लहान गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत, तर आमच्या खोक्याला काय दिसणार. यानाच्या उतरण्याच्या जागांचे फोटो आहेत, पण ते चंद्राभोवती फिरणाऱ्या ऑर्बिटरने जवळून काढलेले. आणि भविष्य सांगता का, हे तर प्रत्येक ठिकाणी कोणीतरी विचारतोच, त्याच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा मी त्याला रांगेत पुढे घेतो.

मुद्द्यावर येतो. दुसऱ्यांदा जाण्याचा. 7 जानेवारी 1610 ला गॅलिलिओने गुरूकडे दुर्बीण लावली तर त्याला शेजारी तीन ठिपके दिसले, त्याला वाटलं मागचे तारे असतील. दुसऱ्या रात्री परत बघितलं तर ते जागा बदलून बसलेले. मग तो बघतच राहिला, 13 तारखेला चौथा सापडला, आणि हे गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत हे पक्कं झालं. म्हणजे पहिल्या रात्री त्याला जे दिसलं ते आमच्या कार्यक्रमात कोणालाही दिसतं, शोध लागला तो नंतरच्या रात्रींमुळे. आम्ही लोकांना फक्त पहिली रात्र देत होतो आणि वर म्हणत होतो की बघा, गॅलिलिओने हेच बघितलं!

मग एका वस्तीतल्या वाचनालयाने चार-पाच दिवस सलग जागा दिली तेव्हा एक साधी गोष्ट केली. छोट्या चिठ्ठ्या छापल्या, मधे एक गोल, बाकी कोरं. डोळा लावायचा आणि गोलाच्या बाजूला जिथे ठिपके दिसतील तिथे पेन्सिलने काढायचे, वर तारीख-वेळ टाकायची, नाव टाकायचं, भिंतीवर लावायची. या चार चंद्रांपैकी सगळ्यात आतला आयओ पावणेदोन दिवसांत एक चक्कर मारतो, सगळ्यात बाहेरचा कॅलिस्टो जवळजवळ सतरा दिवस घेतो, त्यामुळे रोज चित्र बदलतंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलेली मंडळी दुर्बिणीकडे जायच्या आधी भिंतीकडे गेली. माझा कालचा ठिपका कुठे गेला? आणि मग भांडण लागलं, कारण बायनॉक्युलरवाल्यांच्या चिठ्ठ्या आणि दुर्बिणीवाल्यांच्या चिठ्ठ्या बरोब्बर उलट्या होत्या, यांचे तीन डावीकडे तर त्यांचे तीन उजवीकडे. दोन्ही गट आपलंच खरं म्हणून हटून बसलेले. मला तोंडाशी आलं होतं सांगायचं की आमच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते म्हणून, पण गप्प बसलो. थोड्या वेळाने एका मुलीने दुर्बीण लांबच्या पाण्याच्या टाकीकडे वळवायला लावली, टाकी डोक्यावर उभी दिसली, आणि भांडण तिथेच मिटलं. अर्धा तास मी प्रकाशकिरणांचं लेक्चर दिलं असतं तरी एवढं कोणाच्या लक्षात राहिलं नसतं.

याच्याहून सोपी गोष्ट म्हणजे भिंतीचा तारा. याला दुर्बीणच लागत नाही. एखाद्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या खुणेवर उभं राहायचं, एखादा ठळक तारा, समजा व्याध, समोरच्या भिंतीच्या कडेआड कधी जातो ती वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवर उभं राहायचं, तो चार मिनिटं आधीच गेलेला असतो. रोज चार मिनिटं (नेमकं सांगायचं तर 3 मिनिटं 56 सेकंद), म्हणजे महिन्याला दोन तास, म्हणजे वर्षभरात परत तिथेच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं पण स्वतःच्या घड्याळावर मोजून बघितलेलं नसतं. ग्रुपवर रोज वेळा यायला लागल्या, एकाने आधी घड्याळच दुरुस्तीला टाकायचं ठरवलं होतं. आणि गंमत म्हणजे तिथे रात्रपाळी करणारे एक सुरक्षारक्षक काका होते, ते म्हणाले यात नवीन काय आहे, गेटवरचा मोठा तारा हल्ली लवकर येतो हे मला कधीचं माहितीये, मी त्याच्यावरून ठरवतो की दुसरी फेरी मारायची वेळ झाली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की रात्रभर जागी असणारी माणसं आपल्यापेक्षा जास्त आकाश बघतात, त्यांना फक्त कोणी विचारलेलं नसतं. पुढच्या सगळ्या ठिकाणी आम्ही आधी अशी माणसं शोधायला लागलो, आणि विज्ञानाच्या शिक्षकांपेक्षा त्यांच्यामुळे कार्यक्रम जास्त टिकला हे मी अनुभवाने सांगतो.

रात्री ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी दिवसा सूर्य. इथे मात्र अजिबात हयगय नाही. फिल्टर नळीच्या तोंडावर, पुढच्या बाजूला, घट्ट चिकटपट्टीने बांधलेला, फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) टोपी, आणि दुर्बिणीपाशी एक माणूस कायम उभा, पाणी प्यायलासुद्धा जायचं नाही. काही जुन्या दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायचा छोटा काळा फिल्टर यायचा, तो दिसला तर सरळ फेकून द्या, सगळी उष्णता तिथेच एकवटते, तो तडकला तर डोळा गेला. सूर्यावरचे डाग पण परत परत बघायची गोष्ट आहे, आज कडेला असलेला डाग रोज थोडा आत सरकतो, साधारण दोन आठवड्यांत पार दुसऱ्या कडेला जातो, पृथ्वीवरून बघितलं तर सूर्य सत्तावीस दिवसांत एक फेरा घेतो. दुपारी येणाऱ्या बायकांच्या एका गटाने कागदावर असे डाग काढून ठेवले होते, एकाखाली एक लावले तर सूर्य फिरताना दिसत होता.

एकदा कर्णबधिर मुलांचा गट आला होता आणि त्यांनी आमची सगळी पद्धतच बदलायला लावली. अंधार करा, अंधार करा म्हणून आम्ही मागे लागणारे, आणि अंधार केला की यांचं बोलणंच बंद! खुणांची भाषा दिसायला उजेड हवा ना. मग त्यांच्या शिक्षिकेने ठरवलं की आधी आत उजेडात सगळं समजावून घ्यायचं, काय दिसणार, कुठे दिसणार, मग बाहेर यायचं, आणि बाहेर फक्त तिच्या हातांवर लाल टॉर्च मारायची. इतकं नीट झालं की आता ऐकू येणाऱ्यांसाठीही आम्ही तसंच करतो, बोलायचं ते आधी उजेडात बोलून टाकायचं. अंधारात तोंड चालवायची आम्हाला फार सवय.

ढगांचं काय हे सगळे विचारतात. ढग आले की चेंडू बाहेर काढतो. 14 सेंटिमीटरचा चेंडू म्हणजे सूर्य, मग पृथ्वी केवढी? एक मिलिमीटरपेक्षा जरा मोठा कण, आणि तो 15 मीटर लांब. चंद्र त्या कणापासून चार सेंटिमीटरच्याही आत, माणूस आजपर्यंत गेलाय तो फक्त तेवढाच. गुरू सव्वा ते दीड सेंटिमीटरची गोटी, 78 मीटरवर. नेपच्यूनपर्यंत चालत जायचं तर जवळजवळ अर्धा किलोमीटर. मग विचारायचं, पुढचा तारा? लोक पुढच्या चौकाकडे बोट दाखवतात. त्या हिशोबाने तो 4,000 किलोमीटर लांब आहे. चालून दमलेल्या माणसाला हा आकडा सांगितला की जो चेहरा होतो तो मला शनी बघितलेल्या चेहऱ्यापेक्षा जास्त आवडतो.

आमच्यामागे हे चालू ठेवायचं कोणी, हा शेवटी उरणारा प्रश्न. एका संस्थेला कोणीतरी हौसेने महागडी मोटरवाली दुर्बीण भेट दिलेली, आम्ही गेलो तेव्हा ती कपाटात कुलूपबंद, कारण बिघडली तर जबाबदार कोण. असं खूप ठिकाणी आहे. म्हणून आम्ही पहिल्या भेटीतच बायनॉक्युलर आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिथल्याच कोणाकडे तरी ठेवून येतो, रजिस्टर वगैरे काही नाही, ज्याला पाहिजे त्याने घरी न्यावा. स्टेलारियम नावाचं आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप फुकट आहे, ते कोणाच्या तरी मोबाइलवर टाकून देतो, पुढच्या तारखा त्यांनीच ठरवायच्या. काही ठिकाणी ते बायनॉक्युलर परत दिसलं नाही, चालायचंच. पण त्या वाचनालयाच्या गटाने आमची वाट बघणं सोडलं, हे मला फार बरं वाटलं.

आता त्यांना अल्गोल बघायचाय. ययाती तारकासमूहातला हा तारा एरवी देवयानी तारकासमूहाच्या टोकाच्या अलमाक ताऱ्याएवढा ठळक असतो, पण 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी एकदा मंद होतो, दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या समोर आला की उजेड साधारण पाच तासांत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरतो, आणि पुढच्या पाचेक तासांत परत पहिल्यासारखा. नुसत्या डोळ्यांनी कळतं. 1783 मध्ये याचा हा ठेका मोजला आणि मधे काहीतरी येत असावं असं सुचवलं ते जॉन गुडरिकने, तेव्हा तो 18 वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. हे त्या कर्णबधिर मुलांना कळल्यापासून त्यांचाही गट यात घुसलाय. अडचण एकच, घड्याळात बघितलं तर प्रत्येक वेळचं मंद होणं तीन दिवसांनी पण सव्वातीन तास आधी येतं, म्हणजे एकदा पहाटे साडेतीनला, पुढचं रात्री सव्वाबाराला, त्यापुढचं नऊला, आणि मग संध्याकाळच्या उजेडात हरवतं. तेव्हा शनिवार-रविवारची सोय बघून हे जमणार नाही, मधल्या वारालाच यावं लागणार. सध्या त्यावरच ग्रुपवर वाद चालू आहे, ज्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचंय ते नऊचं धरून बसलेत, आणि काका म्हणतात साडेतीनचं मी बघतो, मी तसाही जागाच असतो.